शेततळ्याचं पाणी म्हातारं होतं तेव्हा

मे महिन्यात एखाद्या दुपारी वळवाची सर येते, गारा पडतात, रात्री हवेत गारवा येतो आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी शेततळ्यावर गेलं, तर रोहू आणि कटला पांढरी पोटं वर करून काठाला लागलेले दिसतात. पहिला संशय माणसावर जातो: बांधाच्या भांडणातून कुणीतरी औषध कालवलं असणार. क्वचित ते खरंही असेल. पण बहुतेक वेळा तळ्याचा गुन्हेगार तळ्यातच असतो. त्याने रात्रीत काही केलेलं नसतं. तो चार-पाच वर्षं तळाशी साचत असतो, आणि वळवाची सर त्याला फक्त वर आणते.

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना पाण्याचं दुर्भिक्ष आहे, असं नकाशा पाहून कुणी म्हणणार नाही. कुकडी प्रकल्पाची पाचही धरणं, म्हणजे माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, याच दोन तालुक्यांत आहेत. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला जसजसं उतरावं तसतसा तो आटत जातो आणि पन्नास-साठ किलोमीटरांत आपण पर्जन्यछायेत येतो. द्राक्ष, डाळिंब, टोमॅटो, कांदा ही पिकं आवर्तनाची वाट बघत थांबत नाहीत. म्हणून पावसाळ्यात किंवा कालव्याला पाणी असताना उपसून ठेवायचं आणि उन्हाळ्यात वापरायचं, यासाठी प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी आली. फलोत्पादन अभियानातून सामूहिक शेततळी झाली, २०१६ मध्ये राज्याची ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. तेव्हाची कित्येक तळी आता जुनी झाली आहेत. कागद कुठे फाटला, कुठे जोड सुटला, याकडे मालकाचं लक्ष असतं, कारण गळती दिसते. पाणी जुनं होतं ते दिसत नाही.

घरात समुद्री माशांची काचेची टाकी ठेवणारे हौशी लोक या आजाराला चांगले ओळखतात. पहिली दोन वर्षं टाकी झकास चालते. मग काहीही बदललेलं नसताना मासे मलूल होतात, काचेवर शेवाळ धरतं, नवा मासा आणला की आठवड्यात मरतो. मालक म्हणतो, मी तर सगळं पूर्वीसारखंच करतोय. दुखणं नेमकं तेच असतं. बंद टाकीत रोज थोडं खाद्य जातं, बाहेर मात्र काहीच जात नाही. तीस बाय तीस मीटरचं शेततळं ही तशीच एक टाकी आहे, फक्त तिच्यात २२ लाख लिटर पाणी मावतं. आकार मोठा असल्याने आजार उशिरा कळतो, एवढाच फरक.

वाफ जाते, मीठ राहतं

आधी क्षारांचं बघू, कारण त्याचा हिशोब कागदावर मांडता येतो. तीस बाय तीस मीटरच्या तळ्याचा वरचा पृष्ठभाग भरला असताना ९०० चौरस मीटर असतो. एक मिलिमीटर पाणी उडून गेलं, म्हणजे ९०० लिटर गेलं. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात आपल्याकडे दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन ही काही नवलाची गोष्ट नाही. म्हणजे रोज ७,२०० लिटर. उडून जातं ते शुद्ध पाणी. त्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराईड, बायकार्बोनेट हे सगळे मागेच राहतात.

आता पातळी टिकवायला बोअर चालू केला. समजा त्या बोअरच्या पाण्यात लिटरमागे ८०० मिलिग्रॅम क्षार आहेत. काळ्या कातळातल्या खोल बोअरला हा आकडा फार वाटायला नको. रोज ७,२०० लिटर पाणी टाकलं, तर रोज पावणेसहा किलो क्षार तळ्यात पडले. दोन महिन्यांत साडेतीन क्विंटल. तेवढं मीठ कुणी गोणीतून आणून तळ्यात ओतलं असतं, तर घरात रामायण घडलं असतं. पाइपमधून आलं म्हणून त्याची कुणाला दखल नाही. २२ लाख लिटरमध्ये ही भर लिटरला सुमारे १५७ मिलिग्रॅमची होते, आणि तळं कधी रिकामं न करता असे पाच उन्हाळे काढले तर मुळातलं पाणी जवळजवळ दुप्पट खारं व्हायला हवं. प्रत्यक्षात तेवढं होत नाही. काही पाणी पिकाला जातं, पावसाळ्यात तळं सांडव्यातून वाहिलं तर काही क्षार त्याबरोबर जातात आणि चुनखडीचा भाग तळाशी बसतो. पण दिशा तीच राहते.

पाण्यातले क्षार मोजायची सोपी खूण म्हणजे विद्युतवाहकता, ज्याला शेतकरी आता सरळ ‘ईसी’च म्हणतात. क्षार जास्त, तर ईसी जास्त. लिटरला ८०० मिलिग्रॅम म्हणजे ईसी साधारण सव्वा. जागतिक अन्न व कृषी संघटनेने सिंचनाच्या पाण्यासाठी दिलेल्या मर्यादा जगभर वापरल्या जातात. त्यानुसार पाण्याची ईसी ०.७ च्या पुढे गेली की फरसबीचं, ०.८ च्या पुढे कांद्याचं, १.० च्या पुढे द्राक्षाचं आणि १.७ च्या पुढे टोमॅटोचं उत्पादन घटू लागतं. म्हणजे ज्या पाण्यावर नारायणगावचा टोमॅटो तक्रार करत नाही, त्याच पाण्यावर ओतूरकडचा कांदा रुसतो. द्राक्षबागायतदारांनी क्षार आणि पाण्याची ओढ सोसणाऱ्या डॉगरिज खुंटावर कलमं केली, त्यामागे हेच कारण होतं. पण खुंट सोसतो म्हणून माती सोसेलच असं नाही.

मातीची गोष्ट थोडी अधिक गुंतागुंतीची आहे. आपल्या पाण्यात बायकार्बोनेट बरंच असतं. भर दुपारी शेवाळ जोमात असतं तेव्हा ते पाण्यातला कार्बन डायऑक्साईड शोषून घेतं, सामू वर चढतो, आणि कॅल्शियम चुनखडीच्या रूपात पाण्यातून बाहेर पडतो. ठिबकच्या तोट्यांत जो पांढरा खडा धरतो, तोच हा. तोट्या बंद पडतात म्हणून आपण आम्ल सोडतो आणि विषय संपला असं समजतो. पण कॅल्शियम बाहेर पडलं याचा दुसरा अर्थ असा, की मागे उरलेल्या पाण्यात सोडियमचं प्रमाण वाढलं. असं पाणी काळ्या जमिनीला वर्षानुवर्षं देत राहिलं, तर मातीचे कण सुटे होतात, पाणी मुरेनासं होतं, पाऊस पडला की चिखल आणि वाळली की दगड. यालाच आपण चोपण जमीन म्हणतो. तोटीतला खडा हा चोपण होऊ घातलेल्या जमिनीचा निरोप असू शकतो, म्हणून पाणी तपासताना नुसती ईसी न बघता सोडियम आणि बायकार्बोनेटही बघायला सांगावं.

माशांचं खाद्य की युरियाची गोणी?

मासे पाळले की दुसरा हिशोब सुरू होतो. तो मिठापेक्षा लवकर अंगाशी येतो.

बाजारातल्या खाद्यात साधारण २८ टक्के प्रथिनं धरली, तर एक टन खाद्यात ४५ किलो नत्र असतं. त्यातलं पाव ते एक तृतीयांश माशाच्या अंगी लागतं, बाकीचं पाण्यात. म्हणजे टनभर खाद्यामागे तीसेक किलो नत्र तळ्यात राहिलं, ढोबळमानाने युरियाच्या दीड गोण्या. मासे मोठे झाले, विकले, पैसे आले. ती दीड गोणी मात्र तळ्यातच राहिली आणि पुढच्या हंगामाच्या बोटुकल्या त्याच पाण्यात सोडल्या गेल्या.

हे नत्र आधी अमोनियाच्या रूपात असतं. पाण्यातले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यासाठी त्यांना भरपूर ऑक्सिजन लागतो. अमोनियाची गंमत, गंमत कसली, धोकाच म्हणायचा, अशी की पाण्यात तो दोन रूपांत असतो. एक रूप माशाला बरंचसं निरुपद्रवी, दुसरं जहाल. कोणतं किती, हे सामू ठरवतो. २५ अंश तापमानाला सामू सात असेल तर जहाल रूप एक टक्काही नसतं. सामू आठ झाला की पाच टक्क्यांच्या वर, आणि नऊ झाला की एक तृतीयांशाहून जास्त. पाणी गरम असेल तर आणखी. सकाळी साडेसातला सामू असलेलं हिरवंगार तळं उन्हाळ्यातल्या दुपारी नऊवर जाऊ शकतं. म्हणजे अमोनिया तेवढाच, तळं तेच, मासे तेच, आणि सकाळी चालणारं पाणी दुपारी विषारी.

इथे एक सल्ला फार सहज दिला जातो, त्याबद्दल बोललं पाहिजे. मासे मलूल दिसले की कुणीतरी सांगतं, चुना टाका. आम्लधर्मी माती-पाण्यात, उदाहरणार्थ कोकणात किंवा सह्याद्रीच्या माथ्यावरच्या तांबड्या मातीत, तो सल्ला योग्य आहे. आपल्या पूर्व भागातलं बोअरचं पाणी मुळातच अल्कधर्मी. त्यात न मोजता चुना टाकला की सामू आणखी चढतो आणि शांत बसलेला अमोनिया जागा होतो. औषधाने रोग वाढवायचा हा खात्रीचा मार्ग आहे.

दुसरा लोकप्रिय उपाय मोरचूद. द्राक्षपट्ट्यात ते घरोघर असतं. शेवाळ वाढलं की मोरचुदाची पुरचुंडी तळ्यात लोंबकळत ठेवतात, दोन दिवसांत पाणी निवळतं, आणि उपाय लागू पडला असं वाटतं. पण मेलेलं शेवाळ गेलं कुठे? ते तळाशी बसून कुजतं आणि कुजताना ऑक्सिजन खातं. सगळं शेवाळ एकदम मारलं, तर कुजणंही एकदम होतं. मासे त्या रात्री गुदमरतात. शिवाय तांबं विघटित होत नाही. आज टाकलेलं तांबं पाच वर्षांनंतरही गाळात असतं.

पहाटेचा हिशोब

आता त्या वळवाच्या सरीकडे येऊ. ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे फार तर साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, जुन्नरच्या उंचीवर त्याहून किंचित कमी. कार्प जातीच्या माशांना तो पाचच्या आसपास हवा असतो. तीनच्या खाली ते तणावात जातात, एकच्या आसपास मरू लागतात. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ तो वापरतं. मासेही वापरतात, गाळातले जिवाणूही वापरतात. त्यामुळे सूर्य उगवण्याच्या आधीची वेळ सर्वात वाईट. पाणी जितकं हिरवं आणि गाळ जितका जाड, तितकी ती पहाट जीवघेणी. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील, तर ते खाद्य मागत नाहीत, हवा मागत असतात.

उन्हाळ्यात तळ्याच्या पाण्याचे दोन थर पडतात. वर गरम आणि हलकं, खाली थंड आणि जड. वरच्या थरात ऑक्सिजन असतो, खालच्यात गाळाने तो संपवलेला असतो. तिथे अमोनिया साचतो, आणि गाळ ढवळला तर सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडही. दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत तोवर सगळं ठीक चालतं. गारांचा पाऊस वरचा थर अचानक थंड करतो, तो जड होऊन खाली बसतो, खालचं पाणी वर येतं. भरीला ढगाळ हवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी शेवाळाकडूनही ऑक्सिजन नाही. मासे सकाळी मेलेले दिसतात, आणि गावात विष टाकल्याची चर्चा सुरू होते.

अशा रात्री करायचं काय? खाद्य ताबडतोब बंद. मोटार लावून तळ्याचं पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं परत तळ्यातच पाडायचं, किंवा एअरेटर असेल तर तो चालू करायचा. सांगायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात पहाटे चारला वीज असते का, हा प्रश्न आहे, आणि जुन्नरात पहाटे चारला उसाच्या कडेने तळ्यावर जायचं म्हणजे बिबट्याचाही विचार करावा लागतो. म्हणून जिथे मासे दाट ठेवलेत, तिथे आपोआप चालू-बंद होणारा एअरेटर ही चैन नाही. तेवढा खर्च परवडत नसेल, तर मासेच कमी सोडावेत. तळ्यात किती बोटुकल्या मावतात, याचं उत्तर दुपारी काठावर उभं राहून मिळत नाही. ते पहाटेच्या ऑक्सिजनवर ठरतं.

पाण्याचा हिरवेपणा मोजायला एक जुनी, फुकटातली युक्ती आहे. इटलीतल्या अँजेलो सेक्की या धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये समुद्राची पारदर्शकता मोजायला पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडली. आजही तीच पद्धत जगभर चालते. वीस सेंटिमीटरची एक ताटली घ्यायची, तिचे चार भाग करून आळीपाळीने काळा-पांढरा रंग द्यायचा आणि मधोमध दोरी बांधून तळ्यात सोडायची. ती दिसेनाशी होते ती खोली ३० ते ४० सेंटिमीटर असेल तर हिरवेपणा माशांना मानवणारा. २० च्या आत आली तर पहाटेचा धोका जवळ आला. मीटर-दीड मीटर दिसत असेल तर पाण्यात माशांचं नैसर्गिक अन्नच नाही. दर आठवड्याला, साधारण एकाच वेळी मोजून आकडा भिंतीवर लिहून ठेवला, तर तळं म्हातारं होताना दिसतं.

माणसांनी का काळजी करावी

इथवरचं वाचून कुणी म्हणेल, आम्ही मासे पाळतच नाही. तरीही दोन-तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

स्फुरदाची वाट नत्रापेक्षा वेगळी असते. नत्राचा काही भाग तरी वायू होऊन हवेत जातो. स्फुरद कुठेच जात नाही. मातीच्या तळ्यात माती त्यातलं काही धरून ठेवते, पण कागदाच्या तळ्यात मातीच नसते. ते गाळात बसतं आणि तळाशी ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात येतं. अशा पाण्यात उन्हाळ्याच्या अखेरीस निळ्या-हिरव्या रंगाची, रंग सांडल्यासारखी साय धरते. ती साध्या शेवाळाची नसते. मायक्रोसिस्टिससारखे हे नील-हरित जिवाणू यकृताला घातक असं मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम इतकी खाली ठेवली आहे. हे विष पाणी उकळून जात नाही. साय मोरचुदाने मारली तर पेशी फुटून ते उलट पाण्यात सुटतं. म्हणून अशी साय दिसली की त्या काठावर गाई-म्हशी, शेळ्या पाजू नयेत, कुत्र्यालाही जाऊ देऊ नये, आणि मजुरांनी ते पाणी तोंड धुवायलाही घेऊ नये. वाऱ्याने साय एका कोपऱ्यात गोळा होते, जनावर नेमकं तिथेच पाणी प्यायला उतरतं.

पिण्यासाठी शेततळं वापरणं मुळातच योग्य नाही. पण भर उन्हाळ्यात वस्तीवर टँकर आला नाही की कोण काय वापरतं, हे सगळ्यांना माहीत आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावं. वरखताच्या शेतांमधली विहीर असो, बोअर असो वा मासे पाळलेलं तळं, त्यात हा आकडा ओलांडला जाणं अशक्य नाही. उकळल्याने नायट्रेटही जात नाही, पाणी आटल्याने उलट थोडं वाढतं. तान्ह्या बाळाचं वरचं दूध अशा पाण्यात कालवलं, तर त्याच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळसर पडतं. घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल, तर पाण्याच्या तपासणीत नायट्रेट आवर्जून बघावं.

फवारणीचंही असंच. दुपारच्या, सामू नऊवर गेलेल्या पाण्यात कॅप्टानसारखं बुरशीनाशक कालवलं, तर ते द्राक्षाच्या पानावर पोचेपर्यंत बरंचसं निकामी होतं. मग ‘औषधात दम नाही’ म्हणून मात्रा वाढते. फवारणीचं पाणी सकाळी काढावं किंवा सामू तपासून घ्यावं. आणि फवारणीचा पंप तळ्यात विसळू नये. सायपरमेथ्रिनच्या वर्गातली कीटकनाशकं माशांना अतिशय अल्प प्रमाणातही मारतात. बांधकऱ्यावर संशय घेण्याआधी पंप कुठे धुतला, हे आठवून पाहावं.

काढायचं कसं

काचेच्या टाकीचा मालक काय करतो? उडून गेलेल्या पाण्याच्या जागी क्षार नसलेलं पाणी घालतो आणि दर थोड्या दिवसांनी तळाचं काही पाणी काढून टाकतो. शेततळ्यात या दोन्ही गोष्टी करता येतात, आणि काढलेलं पाणी वाया न घालवता करता येतात. हा टाकीवाल्यावर मिळालेला मोठाच फायदा आहे. तळ्यातलं पाणी बदलणं म्हणजे सिंचन.

अडचण एवढीच, की बरेच जण मोटारीचा फुटबॉल वरच्या निवळ पाण्यात तरंगता ठेवतात, म्हणजे गाळणी लवकर भरत नाही. त्यामुळे चांगलं पाणी शेतात जातं आणि नत्र-स्फुरदाने भरलेलं तळाचं पाणी वर्षानुवर्षं तळ्यातच राहतं. दोन-चार आठवड्यांतून एकदा तरी तळालगतचं पाणी ओढून ते पाटाने ऊस, मका, गवत यांना द्यावं. ठिबकला देऊ नये, तोट्या भरतील. आधी त्याची ईसी मोजावी. ती वाढलेली असेल, तर कांदा-फरसबीला हे पाणी नको. मासे असताना हे काम हळूहळू करावं, गाळ ढवळू नये.

भरायला पाणी निवडता येत असेल, तर क्रम स्पष्ट आहे. पावसाचं आणि कालव्याचं पाणी आधी, बोअर शेवटी. सह्याद्रीत पडलेल्या पावसाने भरलेल्या धरणांचं पाणी क्षारांच्या बाबतीत खोल बोअरपेक्षा कितीतरी हलकं असतं. धरणं स्वतः अशी म्हातारी होत नाहीत याचं एक कारणही तेच. दरवर्षी पावसाळ्यात डिंभ्यात घोडचं नवं पाणी येतं आणि जुनं पुढे वाहून जातं. शेततळ्याला नदी नाही. त्याची नदी आपल्याला मोटारीने तयार करावी लागते.

बाष्पीभवन कमी केलं, तर क्षार साचण्याचं मूळच कमी होतं. या बाबतीत जुन्नरात दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं आपल्यापेक्षा शहाणी होती, असं म्हणायला हरकत नाही. लेण्याद्री, शिवनेरी, नाणेघाट इथली खडकात कोरलेली टाकी, ज्यांना इथल्या ब्राह्मी शिलालेखांत ‘पोढी’ म्हटलंय, ती पाहिली तर त्यातली बरीचशी कातळाच्या पोटात शिरलेली, तोंडाशी अरुंद आणि सावलीत आहेत. ऊन नाही म्हणून वाफ कमी, उजेड नाही म्हणून शेवाळ नाही. शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांतलं पाणी त्यामुळेच भर उन्हाळ्यात टिकतं. आपण मात्र नऊशे चौरस मीटरचं काळं प्लास्टिक उन्हात उघडं टाकलं आहे. शेडनेटचं छप्पर सगळ्यांना झेपणारं नाही. वाऱ्याच्या दिशेला दाट झाडांची रांग लावणं झेपतं. ती बांधापासून लांब हवी, नाहीतर मुळं कागदाखाली जातात.

आणि गाळ. आपल्या मागच्या पिढ्या मातीचं तळं दोन-चार वर्षांनी कोरडं पाडून उन्हात तापू द्यायच्या आणि गाळ शेतात पसरायच्या. कागदाच्या तळ्यात जेसीबी उतरवता येत नाही, कागद फाटतो, म्हणून गाळ काढणंच लांबणीवर पडतं. मासे विकून झाल्यावर, मेअखेर, पाणी सर्वात कमी असताना हे काम करावं. गाळ ओला असतानाच चिखल ओढणाऱ्या पंपाने काढावा, उरलेला रबरी फावड्याने हातांनी. लोखंडी घमेलं आणि खोरं आत नेऊ नये. गाळ सुकला की आठ-दहा दिवस तळ कोरडा ठेवावा, मात्र रिकाम्या तळ्यात मोकळा कागद कडक उन्हात आणि वाऱ्यात फार काळ राहू देऊ नये. पाऊस जवळ आला की भरायला घ्यावं.

उतरताना एकट्याने कधीही उतरू नये. ओल्या कागदाच्या उतारावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. पाय ठेवायला आणि हाताने धरायला तिथे काहीच नसतं. पाणी भरलेलं असो वा नसो, चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर तळापर्यंत कायमचा सोडलेला असावा, काठावर हवा भरलेली एक जुनी ट्यूब असावी आणि भोवती कुंपण असावं. शाळकरी पोरं मासे बघायला येतात.

पाण्याची तपासणी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी किंवा माती-पाणी परीक्षणाच्या कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेत होते. स्वच्छ प्लास्टिकची एक लिटरची बाटली घ्यावी, खताची किंवा औषधाची नको. त्याच पाण्याने ती तीनदा विसळून काठापासून दूर, हातभर खोलीवरून भरावी आणि वर हवा न राहील अशी बंद करावी. दुसरी बाटली जमल्यास तळालगतची. बाटलीवर तारीख, वेळ, खोली आणि तळं शेवटचं कशाने भरलं, बोअर की कालवा, हे लिहावं. त्याच दिवशी ती प्रयोगशाळेत पोचली तर उत्तम. एक नमुना मेमध्ये तळं आटत आल्यावर घ्यावा आणि दुसरा ऑक्टोबरात ते भरल्यावर. दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये लावावेत, कारण पुढच्या मेमधला आकडा याच कागदांशी ताडून बघायचा आहे.